रिग्ज, मर्टॉ आणि बाबांचे जोडीदार

पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हा वाचा.

२०२० च्या जूनमध्ये बाबा आमच्याकडे मुंबईत अडकले होते. गावाला जायचं होतं, पण पासची भानगड होती आणि वयही साठीच्या पुढचं. छत्तीस वर्षं मुंबई पोलिसात काढलेला माणूस. बातम्या लावल्या की रोज कुठला ना कुठला पोलीस कोविडने गेल्याचं येत होतं आणि त्यातला एखादा ओळखीचा निघायचा. मग ते काही न बोलता गॅलरीत जाऊन बसायचे. शेवटी मी बातम्या बंद केल्या आणि 'लीथल वेपन' ही अमेरिकन मालिका लावून दिली. तीन सीझन, ५५ भाग. महिना तरी निघेल असा हिशेब.

हीच का लावली, तर त्यामागे जुनी आठवण होती. 'लीथल वेपन' हा मूळ सिनेमा १९८७ चा. आमच्या पोलीस लाइनीत तो आला केबलवाल्याच्या कृपेने, ९३-९४ च्या सुमारास, रात्री साडेअकराला. बाबा ड्युटीवरून आले होते आणि त्यांच्यासोबत त्यांचे जोडीदार, म्हणजे आमचे काका. (नाव लिहीत नाही. ते आहेत, गावी आहेत, त्यांना आवडणार नाही.) आईने दोघांना ताटं वाढली आणि दोन हवालदार जेवता जेवता इंग्रजी सिनेमा बघत बसले. मी पांघरुणातून बघत होतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लॉस एंजेलिसचे दोन डिटेक्टिव्ह. रॉजर मर्टॉ, कृष्णवर्णीय, बायकापोरांचा माणूस, नुकतीच पन्नाशी गाठलेला. आणि मार्टिन रिग्ज, गोरा, व्हिएतनामहून आलेला, बायको अपघातात गेलेली, समुद्रकाठी ट्रेलरमध्ये एका कुत्र्याबरोबर राहणारा. रिग्जला जगायचं नाहीये. पटकथा शेन ब्लॅक या पंचविशीच्या आतल्या पोराची, दिग्दर्शन रिचर्ड डॉनरचं. मेल गिब्सन आणि डॅनी ग्लोव्हर. पन्नाशीचा, थकलेला, आता हे आपल्याला झेपत नाही असं सारखं म्हणणारा मर्टॉ करणारा ग्लोव्हर तेव्हा होता फक्त चाळीस वर्षांचा! हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या सिनेमाबद्दल बोलताना लोक मारामाऱ्यांबद्दल बोलतात. माझ्या डोक्यात राहिली ती एक कारकुनी गोष्ट. खात्याची मानसोपचारतज्ज्ञ साहेबाला सांगते की हा माणूस धोक्यात आहे, याला रस्त्यावर पाठवू नका. साहेब काय म्हणतो? पेन्शनसाठी सोंग करतोय. मर्टॉलाही आधी तसंच वाटतं. मग इमारतीच्या कठड्यावर चढलेल्या एका माणसाला वाचवायला रिग्ज वर जातो, त्याच्या हाताला हातकडीने स्वतःला जोडून घेतो आणि दोघं मिळून खाली उडी मारतात. खाली हवेची गादी असते. त्यानंतर मर्टॉ रिग्जला एका रिकाम्या दुकानात ओढतो आणि सरळ विचारतो, तुला खरंच मरायचंय का? उत्तर रिग्जच्या डोळ्यांत दिसतं आणि मर्टॉची बोबडी वळते. हा सोंग करत नाहीये.

त्या प्रसंगाला काका उठून बाहेर गेले होते. मला वाटलं बिडी ओढायला.

काकी १९९१ मध्ये गेल्या, बाळंतपणात. मूलही गेलं. तेराव्यानंतर काका हजर झाले ते थेट बंदोबस्तावर. त्यानंतर प्रत्येक सणाचा बंदोबस्त ते मागून घ्यायचे. गणपती, दहीहंडी, ईद, थर्टी फर्स्ट. लोकांना वाटायचं किती कामाचा माणूस. बाबांना कळत होतं की याला घरी जायचं नाहीये. एकदा काकांनी महिनाभराची रजा मागितली, सांगितलं की झोप येत नाही, हात थरथरतो, बंदूक हातात घ्यायची भीती वाटते. त्यांचे त्या वेळचे वरिष्ठ सगळ्या हजेरीसमोर म्हणाले, "सिक मारायची तर निदान कारण तरी बरं शोध." हे मला बाबांनी सांगितलं ते २०२० मध्ये, मालिकेचा तिसरा की चौथा भाग बघताना. तोवर कधीच नाही.

तर मालिका. फॉक्स वाहिनीने २०१६ मध्ये आणली, मॅट मिलरने लिहून उभी केली, पहिल्या भागाचं दिग्दर्शन मॅकजीचं. मर्टॉच्या भूमिकेत डेमन वेयन्स, रिग्जच्या भूमिकेत क्लेन क्रॉफर्ड. बदल काय केले ते बघण्यासारखं आहे. रिग्ज आता टेक्सासचा, पूर्वीचा नेव्ही सील. व्हिएतनाम अर्थातच गेलं. बायको बाळंतपणासाठी दवाखान्यात जाताना अपघातात जाते. (पहिल्या भागात हे दहा मिनिटांच्या आत येतं. मला आधी माहीत असतं तर मी ही मालिका लावलीच नसती.) आणि मर्टॉ हृदयाचं ऑपरेशन होऊन कामावर परत आलेला, घरात तान्हं बाळ. नाडीचे ठोके बघत बघत गुंडांच्या मागे धावतो. खात्याची मानसोपचारतज्ज्ञ सिनेमात दोन-तीनदा दिसते. इथे ती कायमचं पात्र आहे आणि रिग्जला तिच्यासमोर जाऊन बसावंच लागतं. हा बदल मला फार शहाणपणाचा वाटला.

पण एक मूलभूत पंचाईत होती. सिनेमाला शेवट असतो. रिग्जने स्वतःसाठी राखून ठेवलेली एक गोळी असते. शेवटी नाताळच्या रात्री तो तिला रिबीन बांधतो, मर्टॉच्या मुलीच्या हातात देतो, बाबांना दे म्हणतो आणि निघतो. मर्टॉ त्याला हाक मारून जेवायला आत घेतो, कुत्र्यासकट. संपलं. दोन तासांत माणूस मरणाकडून जेवणाच्या ताटाकडे आला.

मालिकेला हे परवडत नाही. रिग्ज बरा झाला तर मालिका संपली, आणि मेला तरी संपली. म्हणजे त्याने दर आठवड्याला थोडं मरायला निघायचं आणि थोडं वाचायचं, जाहिरातींच्या वेळा सांभाळून. बाबांनी दहाव्या-बाराव्या भागाला नेमकं हेच पकडलं. "ह्यो गडी रोज मरायला निघतो आन् जेवायच्या टायमाला बरोबर घरी येतो."

दुसरी पंचाईत गोळ्यांची. सिनेमात दोन तासांत जो धुमाकूळ होतो तो एकदाचा होतो. तोच दर बुधवारी व्हायला लागला की ती कामाची पद्धत बनते. पहिल्या सीझनचे १८ भाग, दुसऱ्याचे २२. गाड्या उडतायत, दुकानं फुटतायत, माणसं पडतायत आणि पुढच्या प्रसंगात साहेब फक्त नुकसानीच्या बिलावरून कुरकुरतो. बाबा दर भागाला विचारायचे, "पंचनामा कधी करतात हे?" हसू नका. खुद्द लॉस एंजेलिस पोलीस खात्यात प्रत्येक गोळीबाराच्या चौकशीसाठी वेगळा विभाग आहे आणि ती गोळी नियमात बसली का हे नागरिकांचं पोलीस आयोग मंडळ ठरवतं. खऱ्या रिग्जचं अर्धं आयुष्य या चौकशांत गेलं असतं. पण चौकशी दाखवली तर बंदूक बाजूला ठेवावी लागते, आणि बंदूक बाजूला ठेवली की मालिकेचं नावच उरत नाही.

मूळ सिनेमाही काही साधा नाही म्हणा. शेवटी मर्टॉच्या अंगणात रिग्ज आणि खलनायकाची कुस्ती लागते आणि आख्खी पोलीस फौज गोल करून बघत उभी असते. आरोपी ताब्यात आलाय, तरी कुणी बेड्या घालत नाही. लहानपणी आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. आता बघताना मी अवघडलो. बाबा अवघडले नाहीत. "होतं असं," एवढंच म्हणाले. त्यावर मी पुढे काही विचारलं नाही. पोलिसाच्या पोराला काही प्रश्न कुठे थांबवायचे ते कळतं.

पण त्याच सिनेमात असा एक प्रसंग आहे जो मालिकेला कधी गवसलाच नाही. एक घर स्फोटात उडालंय, रिग्ज आणि मर्टॉ गल्लीतल्या लहान मुलांकडे चौकशी करतायत. एक काळं पोर मर्टॉला विचारतं, आई म्हणते पोलीस काळ्या माणसांना गोळ्या घालतात, खरं आहे का? मर्टॉ गोंधळतो, आइस्क्रीमची लालूच दाखवून विषय बदलतो. अर्ध्या मिनिटाचा विनोद आहे तो. पण सबंध लॉस एंजेलिस त्यात आहे. १९९१ मध्ये त्याच शहराच्या पोलिसांनी रॉडनी किंगला रस्त्यात झोडपलं, एप्रिल १९९२ मध्ये ते पोलीस सुटले, शहर पेटलं. त्यानंतर जेमतेम दोन-तीन आठवड्यांत 'लीथल वेपन'चा तिसरा भाग थिएटरात आला. त्यात मर्टॉच्या हातून स्वतःच्या मुलाचा मित्र मारला जातो आणि तो दारू पीत एका होडीत लपून बसतो. मारामारीच्या सिनेमात एवढं आलं, हेच पुष्कळ.

मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला तो २१ सप्टेंबर २०१६ च्या रात्री. आदल्या दिवशी शार्लट शहरात कीथ लॅमॉन्ट स्कॉट हा काळा माणूस पोलिसाच्या गोळीने मेला होता. गोळी झाडणारा अधिकारीही काळाच. २१ च्या रात्री तिथे लोक रस्त्यावर होते आणि राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केली. म्हणजे एका वाहिनीवर काळा-गोरा जोडीदार हातात हात घालून गाड्या उडवतायत आणि शेजारच्या वाहिनीवर हे. मर्टॉसारखं पात्र हाताशी असताना मालिकेने त्या पोराचा प्रश्न त्याला पुन्हा विचारायला हवा होता, आणि या वेळी आइस्क्रीम न देता. बावीस-बावीस भाग हाताशी होते! सिनेमाकडे नव्हता तो वेळ मालिकेकडे होता.

आणि हे जमतच नाही असं नाही. 'इन द हीट ऑफ द नाइट' हा १९६७ चा सिनेमा, सिडनी पॉटिए आणि रॉड स्टायगरचा. काळा डिटेक्टिव्ह आणि दक्षिणेतला गोरा पोलीसप्रमुख. त्याचीही मालिका झाली, १९८८ ते १९९५. तिथे वेळ गावासाठी वापरला, शेजारपाजारासाठी, एकाच ठाण्यात रोज तोंड बघावं लागणाऱ्या माणसांसाठी. गाड्या कमी उडाल्या. सात वर्षं चालली. उलट 'रश अवर'ची मालिका आली २०१६ मध्येच, आणि एका सीझनमध्ये गाशा गुंडाळला. जॅकी चॅनच्या उड्या काढल्यावर त्या गोष्टीत उरतं काय?

पोलीस आणि टीव्ही यांचं हे लग्न तिकडे फार जुनं आहे. १९५१ मध्ये जॅक वेबची 'ड्रॅगनेट' टीव्हीवर आली ती लॉस एंजेलिस पोलिसांच्याच सहकार्याने. केसेस खात्याने पुरवायच्या, संहिता खात्याने तपासायच्या. आम्ही जून २०२० मध्ये बघत होतो तेव्हा जॉर्ज फ्लॉइडला मरून काही आठवडेच झाले होते. 'कॉप्स' हा तीस वर्षं चाललेला कार्यक्रम त्याच महिन्यात बंद झाला. 'ब्रुकलिन नाइन-नाइन'वाल्यांनी लिहून तयार असलेले चार भाग फेकून दिले. आणि आपल्याकडे त्याच महिन्यात तमिळनाडूत साथानकुलमला जयराज आणि बेनिक्स हे बापलेक पोलीस कोठडीतल्या मारहाणीने गेले. बाबांनी ती बातमी पेपरात वाचली. घडी घालून पेपर ठेवला आणि म्हणाले, "लाव तुझी सीरियल."

दुसऱ्या सीझनच्या शेवटी रिग्जला गोळी लागते, बायकोच्या कबरीपाशी. झाडतो सावत्र भाऊ. आता पडद्यामागचं ऐका. मे २०१८ मध्ये हा भाग दाखवला आणि त्यानंतर काही दिवसांतच क्लेन क्रॉफर्डला मालिकेतून काढल्याचं जाहीर झालं. सेटवरच्या त्याच्या वागण्याबद्दल तक्रारी होत्या. त्याने स्वतःच आधी जाहीर माफीनाम्यात दोन प्रसंग सांगितले होते. एकदा सेटवर सुरक्षिततेची काळजी घेतली जात नाही म्हणून आपण भडकलो, आणि दुसऱ्यांदा तो स्वतः दिग्दर्शन करत असलेल्या भागात एका दृश्यातला तुकडा उडून सहकलाकाराला लागला. तो सहकलाकार वेयन्स. त्याने आपली बाजू ट्विटरवर मांडली. कोण किती चुकलं हे मी इथून सांगू शकत नाही. पण जोडीदारीवर उभ्या असलेल्या मालिकेचे दोन जोडीदार एकमेकांचं तोंड बघत नव्हते, एवढं जगाला दिसलं.

मग तिसऱ्या सीझनला रिग्ज मेला असं ठरवून शॉन विल्यम स्कॉटला आणलं, वेस्ली कोल म्हणून, पूर्वीचा सीआयएवाला. तो चांगला नट आहे. पण ऑक्टोबर २०१८ मध्ये वेयन्सच म्हणाला की मी सोडतोय. कारण ऐका. मी ५८ वर्षांचा मधुमेही आहे आणि रोज सोळा सोळा तास काम करतोय, या अर्थाचं तो बोलला. ग्लोव्हर चाळिशीत असताना जे वाक्य विनोद म्हणून म्हणायचा, ते याने खरोखर, कॅमेऱ्याबाहेर, पत्रकारासमोर म्हटलं. मे २०१९ मध्ये मालिका बंद झाली.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते ताठ बसले.

"सोळा तास?"

"हो."

"अठ्ठावन्नला?"

बाबा ५८ ला निवृत्त झाले, २०१४ मध्ये. बारा तासांची ड्युटी म्हणजे कागदावर बारा. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला तो २०१६ मध्ये, दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना. एका पोलीस शिपायानेच आराखडा करून दिला होता. बाबांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी ती बातमी कापून डायरीत ठेवलीय.

मग त्यांनी विचारलं, "त्यांची संघटना नाही का?"

आहे म्हटलं, नटांची मोठी संघटना आहे, संपही करतात.

"मग बरंय."

बाबा १९७८ ला भरती झाले. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी बंड केलं तेव्हा ते आणि काका दोघंही चार वर्षांचे शिपाई होते. संघटनेची मान्यता गेली, लष्कर रस्त्यावर आलं, कित्येकांना बडतर्फ केलं. त्यानंतर आजतागायत या राज्यातल्या पोलीस शिपायाला संघटना नाही. हजेरीसमोर कुणी "सिक मारतोय" म्हणालं तर त्याने कुणाकडे जायचं? काका गेले ते बाबांकडे.

आता मला मालिकेबद्दल जे खरं म्हणायचंय ते. इतके दोष काढूनही मी म्हणतो की ही गोष्ट मालिकेचीच होती, सिनेमाची नव्हती. सिनेमात मर्टॉ एकदा जेवायला बोलावतो आणि रिग्ज वाचतो. आमच्या घरी काका दर गुरुवारी जेवायला यायचे. बंदोबस्त असेल तर शुक्रवारी. अकरा वर्षं, १९९१ पासून २००२ ला त्यांची बदली होईपर्यंत. आई गुरुवारी चार भाकऱ्या जास्त थापायची. काका बहुतेक वेळा काहीच बोलायचे नाहीत. जेवायचे, माझी वही बघायचे, दहाच्या आधी उठायचे. कधी आले नाहीत तर बाबा बूट घालून त्यांच्या खोलीवर जायचे, रात्री बाराला जायचे, एकदा पावसात गेले तर सकाळीच आले. त्यात एकही गाडी उडाली नाही. कुणीही रिबीन बांधून काही दिलं नाही. बरं वाटलं असं काका कधी म्हणाले नाहीत. दर आठवड्याला नवा भाग, जुनंच दुःख. टीव्हीला हेच तर येतं, आणि मालिकेत मधूनमधून ते दिसायचंही. मर्टॉची बायको ट्रिश रिग्जला न विचारता ताट वाढते, तो बाळाला उचलतो आणि क्षणभर थिजतो, असे तुकडे. मग लगेच कुठेतरी स्फोट व्हायचा.

तिसऱ्या सीझनचा पहिला भाग सुरू झाला. रिग्ज गेल्याचं पक्कं झालं, नवीन माणूस दिसला. बाबांनी विचारलं, "हा कोण?"

म्हटलं, "त्याच्या जागी आलाय. नवा जोडीदार."

"बंद कर."

उरलेले भाग मी नंतर एकट्याने पाहिले. त्या संध्याकाळी बाबांनी गावी फोन लावला. काकांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन स्पीकरवर आणि बाबा ओरडून. अर्धा तास ऊस, पाणी, गुडघे, गावात क्वारंटाइन कुणाला केलंय याच गप्पा. शेवटी बाबा म्हणाले, "जेवलास का रं?" पलीकडून काका म्हणाले, "आज गुरुवार हाय व्हय?"

गुरुवार नव्हता. मंगळवार होता.